आधी कान बघ

कावेरी मला शेवटची भेटली ती अवसरी फाट्यावर, शनिवारी सकाळी. ती घरी पिंपरी पेंढारला निघाली होती आणि मी नुसती तिला सोडायला आले होते. जीपची वाट बघताना तिनं पर्समधून एक चंदेरी पिशवी काढून मला दाखवली. घरी ठेवलेल्या तिच्या लॅपटॉपची रॅम होती त्यात. "वाटंत नारायणगावला उतरते, दुकानात ह्यो कान दावते, आन् असलाच आणखी एक घेते. मंग बघ आपला गडी कसा पळतोय." जीप आली ती खच्चून भरलेली. ड्रायव्हर म्हणाला, "या ताई, बसतंय." आत शिरता शिरता कावेरी मला डोळा मारून म्हणाली, "बसतंय म्हंजी आपलं असतंय असं न्हाई, राव." दोघी हसलो. तो आमचा आपसातला विनोद होता, पुढे सांगते. जीप गेली… संध्याकाळी तिच्या चुलत भावाचा फोन आला. "कावेरी गेली," तो म्हणाला. मी म्हणाले, "हो, सकाळीच गेली की. अजून पोचली नाही का?" पलीकडून रडायचा आवाज आला, तेव्हा मला तो शब्द कळला. नारायणगावला रस्ता ओलांडताना एका गाडीनं तिला उडवलं होतं. गाडी कुठली ते अजून कळलेलं नाही.

मला असं काही लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली. निमगाव साव्यात माझे वडील गवंडीकाम करतात. पेपरात तर मी कधीच काही लिहिलेलं नाही. पण कावेरीबद्दल कुणीतरी लिहिलं पाहिजे, आणि तिचं बोलणं जसं होतं तसंच लिहिलं पाहिजे, असं वाटतं. का, तेही पुढे येईल.

आधी रॅमबद्दल थोडं, कारण सगळ्यांनाच माहीत असेल असं नाही. मी स्थापत्य शाखेची, कावेरी कॉम्प्युटरची, त्यामुळे मला जे काही कळतं ते तिच्याकडूनच. रॅम म्हणजे यंत्र चालू असताना हाताशी लागणारी त्याची स्मरणशक्ती. लॅपटॉपची रॅम बोटभर लांबीची हिरवी पट्टी असते. वर माहितीची चिठ्ठी चिकटवलेली असते, खालच्या कडेला सोनेरी दात असतात आणि त्या दातांच्या रांगेत एक खाच असते. या पट्ट्यांच्या पिढ्या आहेत, तिसरी, चौथी, पाचवी. प्रत्येक पिढीची खाच वेगळ्या ठिकाणी असते, म्हणजे एका पिढीची पट्टी दुसरीच्या जागेत बसूच नये. पट्टी नसली तर यंत्राला वीज मिळते, पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो. त्या खाचेला कावेरी कान म्हणायची.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो पहिल्या वर्षी, प्रयोगशाळेत. तेव्हा सगळ्या शाखांचा वर्ग एकत्रच होता आणि उघडलेल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये आम्हाला रॅम बसवायची होती. एक मुलगा दोन्ही अंगठ्यांनी पट्टी दाबत होता. ती बसेना तसा तो आणखी जोर लावी. मागच्या बाकावरून आवाज आला, "आरं थांब, मोडशील की! आधी कान बघ. त्यो ह्या कळपातला न्हाईच." सगळा वर्ग हसला. सरसुद्धा हसले, पण चांगलं हसले, आणि म्हणाले, "कान म्हणजे काय, सांग बरं सगळ्यांना." कावेरी उठली. तिनं पट्टी हातात घेतली, खाचेवरून अंगठा फिरवला आणि सांगितलं की त्यांच्यात मेंढीच्या कानाला कातर मारतात. कुणाची टोकाला, कुणाची कडेला, कुणाची दुहेरी. रानात दोन कळप मिसळले की तोंडाकडं कुणी बघत नाही, कान चाचपतात आणि आपापल्या बाजूला ढकलतात. "तसंच हाय हे. खाच कुठं हाय बघायचं. जुळली तर बसवायचं. जोर लावायचा न्हाई. बसत न्हाई म्हंजी ते आपलं न्हाई." त्या दिवसापासून मुलं तिला बघितलं की "बॅ बॅ" करायची. ती म्हणायची, "करा, करा. लोकर कापायच्या टायमाला बोलावते तुमास्नी." मला ती तिथंच आवडली. मग अवसरीतच आम्ही दोघींनी मिळून एक खोली घेतली. फळी एकच होती. तिच्यावर एका बाजूला माझी बुद्धाची तसबीर, दुसऱ्या बाजूला तिचा बिरोबाचा फोटो, आणि मधे दोघींचा मिळून एक आरसा.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या घरी गेले होते. तिचे वडील, सगळे त्यांना नाना म्हणतात, अजून थोडी मेंढरं राखून आहेत, बाकी शेती. ऊन कलायच्या आत बिबट्याच्या भीतीनं मेंढरं जाळीच्या कुंपणात घ्यावी लागतात, ते चाललं होतं. मी एका मेंढीचा कान धरून ऐटीत म्हणाले, "ही आपली!" कावेरी हसून खाली बसली. "आगं पाव्हणे, ती चुलत्याची. आमच्यात वाटण्या झाल्या, पण कान कसा वाटनार? जल्माचा एकच. म्हून पाठीवर रंग. तांबडा आमचा, निळा त्यांचा." आणि मग माझ्याकडे वळून, "रॅममधीबी असलंच हाय बघ. तिसऱ्या पिढीत दोन भाऊ हायेत. कान येकच, पर एकाला वीज जास्त लागती, एकाला कमी. कमीवाल्याच्या चिठ्ठीवर एल लिवल्याला असतोय. दोनी बसत्यात. पर बसतंय म्हंजी आपलं असतंय असं न्हाई." हाच तो आमचा विनोद. पुढे तो आम्ही सगळ्याला लावायचो… घट्ट चपलेला, मेसच्या पोळीला, बघायला आलेल्या स्थळाला.

पण हे सगळं बोलणं खोलीतलं आणि घरातलं. कॉलेजात ती हळूहळू गप्प होत गेली. एका तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला उत्तराच्या मध्येच थांबवलं. "व्हतं नाही, होतं. न्हाई नाही, नाही. इंजिनिअर होणार ना तुम्ही?" उत्तर बरोबर होतं. गुणही दिले त्यांनी. पण बाहेर आल्यावर कावेरी म्हणाली, "माझ्या तोंडातच खोट हाय बघ." त्यानंतर ती वर्गात बोलेनाशी झाली. फोनवरही ती आवाज पाठवायची नाही, लिहायची. लिहिताना मात्र अगदी शुद्ध. "मी येत नाही." "काल झाले होते." एकदा मी म्हटलं, हे कोण लिहितंय, मला तर आमची कावेरी वाटत नाही. तिनं नुसता जीभ काढलेला चेहरा पाठवला.

आता माझ्या फोनमध्ये तिचे शेकडो निरोप आहेत आणि एकातही तिचा आवाज नाही.

गेल्या काही महिन्यांत तिनं एक गोष्ट मनावर घेतली होती. आमच्यासारख्याच गावांतून येणाऱ्या, पहिल्यांदाच कॉम्प्युटर उघडणाऱ्या मुलींसाठी छोटे व्हिडिओ करायचे. पहिला, रॅम कशी ओळखायची. गावी असताना लॅपटॉपसमोर बसून तिनं तो केला आणि मला लिहिलं, "झाला. आवाज तू दे." मी लिहिलं, "तूच दे. तुझ्यासारखं मला सांगताच येणार नाही." ती म्हणाली, "लोक हसतील." मी म्हणाले, "हसू देत." मग एकच शब्द आला. "बघू."

त्या "बघू"वर मी किती दिवस जगले ते माझं मला ठाऊक.

दहाव्यानंतर मी पुन्हा तिच्या घरी गेले. कावेरीची आई, मी तिला मावशी म्हणते, चुलीपुढे बसून होती, चूल विझलेली होती. तिनं मला जवळ ओढलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुझ्या फोनात तिचं बोलनं हाय का गं?" मी नाही म्हणून मान हलवली. ती म्हणाली, "मला तिचं बोलनं आठवंना झालंय. तोंड दिसतंय, आवाज येईना. आई असून येईना. असं आसतंय का?" मलाही तेच व्हायला लागलं होतं. शब्द आठवायचे, आवाज निसटायचा. कावेरीचा फोन तर चुरडूनच गेला होता. तेव्हा मला तो "बघू" आठवला आणि मी बोलून गेले की लॅपटॉपात एक व्हिडिओ असेल, कदाचित त्यात ती बोलली असेल. मावशीनं माझा हात असा धरला की सोडेच ना.

लॅपटॉप फळीवर होता, तिनं ठेवला तसाच. मागचं छोटं झाकण उघडं, आणि त्याचा एवढासा स्क्रू हरवू नये म्हणून शेजारीच चिकटपट्टीनं चिकटवलेला. रॅमच्या दोन्ही जागा रिकाम्या. "त्यातला राम ती काढून घिऊन गेली ना," मावशी म्हणाली. "दुसरा राम मिळंल का?" मी रॅम म्हणून दुरुस्त करायला गेले आणि थांबले. काही चुकीचं बोलत नव्हती ती.

फोनवर कॉलेजातली मुलं म्हणाली, सोपं आहे, आतली डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावू. मी मावशीला तसं सांगितलं. ती एकदम मोठ्यानं बोलली, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "पोरीला फाडली दवाखान्यात. आता ह्याला फाडायचं न्हाई. आन् घराभाईर तर न्यायचाच न्हाई. भाईर गेलेलं म्हागारी येत न्हाई." नाना दारात उभे होते, ते म्हणाले, "पोरी, हितंच कर काय हुतंय ते." म्हणजे जे करायचं ते त्या घरात, मला, आणि ज्याचं मला फारसं काही कळत नाही ते.

लॅपटॉप दोन हातांतून फिरून तिच्याकडे आलेला. खालची चिठ्ठी घासून पांढरी झालेली, कुठला नमुना ते वाचता येईना. मी नानांना विचारलं, तिच्या पर्समधलं काही मिळालं होतं का? नानांनी पत्र्याच्या पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. एक चप्पल, कंगवा, फोनचे तुकडे… आणि रॅमचा अर्धा तुकडा. चिठ्ठीचा भाग तुटून गेला होता. कान शाबूत होता.

तो तुकडा हातात घेऊन मी किती वेळ बसले होते. त्या सकाळी जीपपाशी तिच्या हातात होती तीच ही पट्टी. खाचेवरून मी अंगठा फिरवला. खाच मधोमध नव्हती, एका बाजूला सरकलेली होती. चौथीची मध्याच्या जवळ असते, तिसरीची अशी कडेला, हे तिनंच घोकून घेतलेलं. म्हणजे तिसरी पिढी. मंचरच्या एका दुकानात जुन्या पट्ट्यांचा डबा होता, त्यात मी एकेक कान या तुकड्याशी जुळवत बसले. दुकानदार म्हणाला, "ताई, तुटकं कशाला जपून ठेवलंय एवढं?" मी म्हणाले, "नमुना आहे." जुळणारी पट्टी मिळाली तेव्हा मला रडू आलं, आणि तो बिचारा घाबरून पाणी आणायला उठला.

पिंपरी पेंढारला पोचले तर मावशीनं केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसलेलं. पाहुणी यायची असल्यासारखं. आधी मी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावला, अंगातली वीज पट्टीत जाऊ नये म्हणून कावेरी तसं करायची. कान जुळवला, पट्टी तिरकी आत सरकवली, हळूच खाली दाबली. दोन्ही बाजूच्या चापांचा आवाज आला, टक. बसली! मावशी म्हणाली, "बसला का राम?" मी हो म्हणाले. बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घुमला. पडदा काळा. पुन्हा काढून लावली, दुसऱ्या जागेत लावली, दात पुसून लावले. काळा. मावशी त्या काळ्या पडद्याकडे एकटक बघत होती आणि त्यात तिचं स्वतःचंच तोंड दिसत होतं. शेवटी ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, बाय. नसंल तिच्या मनात." त्यापेक्षा तिनं मला मारलं असतं तरी चाललं असतं.

मी उठून बाहेर आले. काय करावं ते कळत नव्हतं. परत जावं, पुन्हा इकडे येऊच नये, असंही मनात आलं. नाना मेंढरं आत घेत होते. चुलत्याची दोन-चार त्यांच्यात मिसळली होती आणि नाना त्यांना काठीनं बाजूला काढत होते. कान न बघता. मी बघत राहिले. तांबडा इकडे, निळा तिकडे… आणि मग जीपमध्ये शिरणारी कावेरी समोर आली, डोळा मारणारी. बसतंय म्हंजी आपलं असतंय असं न्हाई, राव. मी पळत आत गेले आणि पट्टी काढून चिठ्ठी बघितली. एल नव्हता. कान तोच, भाऊ दुसरा.

एल लिहिलेली पट्टी घेऊन मी पुन्हा गेले त्या दिवशी मावशीनं केस विंचरले नव्हते. ती जवळही आली नाही, भिंतीला टेकून बसली. टक झालं. बटण दाबलं. पंखा घुमला, आणि पडदा उजळला. पासवर्ड कावेरीनं कधी ठेवलाच नव्हता, म्हणायची, चोरण्यासारखं हाय काय त्यात. व्हिडिओ समोरच होता. "पहिला" एवढंच नाव. मी लावला.

कावेरी आली. मागे हीच भिंत, हीच फळी. निळा ड्रेस, ओढणी मागे टाकलेली, समोर चटईवर कॉलेजातून मागून आणलेल्या रॅमच्या पट्ट्या ओळीनं मांडलेल्या. ती वर बघते, थोडी लाजते, पहिली पट्टी उचलते. ओठ हलतात.

आवाज नाही.

मला वाटलं लॅपटॉपचा आवाज बंद असेल. मी तो वाढवला. हेडफोन लावून बघितले. लॅपटॉपातल्या दुसऱ्या एका व्हिडिओला आवाज येत होता. या एकाला नव्हता. रेकॉर्ड करतानाच तिनं माइक बंद केला होता… आवाज मी देणार म्हणून. पण करताना तिला गप्प राहवलं नव्हतं. ती बोलत होती, सगळं बोलत होती, स्वतःशीच, मोकळेपणानं, कुणी ऐकत नाही या भरवशावर. मला ओठांवरून कळत होतं. मी थांबवायला हात नेला तर मावशी भिंतीपासून सरकत आली आणि तिनं माझा हात बाजूला केला.

"काय म्हंतीय ती?" तिनं विचारलं.

पडद्यावर कावेरी पट्टी डोळ्यांसमोर धरून खाचेवरून अंगठा फिरवत होती. नाना कधी आत आले कळलं नव्हतं. ते हळूच म्हणाले, "कान चाचपतीय." आणि मग मी बोलायला लागले, तिच्या ओठांबरोबर, जेवढं जमेल तेवढं. "आधी कान बघायचा. कान कुठं हाय, कडंला का मधी, त्ये बघायचं. कान येकच असला तर चिठ्ठी बघायची. मंग बसवायचं. जोर लावायचा न्हाई. बसत न्हाई म्हंजी ते आपलं न्हाई." ज्या "न्हाई"साठी तिला थांबवलं होतं तेच माझ्या तोंडातून येत होतं. आवाज माझाच होता. तिचा नव्हता. मावशीला ते कळत होतं आणि मलाही.

शेवटी कावेरी पट्ट्या गोळा करते, कॅमेऱ्याकडे वाकते, तिचा हात मोठा होत होत पडदाभर होतो, आणि संपतं.

अजून मी सुट्टीला घरी येते तेव्हा आधी पिंपरी पेंढारला उतरते. लॅपटॉप तिथंच फळीवर असतो, त्यावर धुतलेला रुमाल. तुटलेला तुकडा शेजारी. मावशी आता स्वतः बटण दाबायला शिकली आहे, व्हिडिओ कुठं आहे ते तिला ठाऊक आहे. लावायच्या आधी ती आवाजाची पट्टी बोटानं शेवटपर्यंत सरकवते. एकदा मी न राहवून म्हणाले, "मावशी, यात आवाज नाहीये गं."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "तरी मोठा ऱ्हाऊ दे."